बांधकामावर गंभीर अपघात झाला तर भरपाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंट्रिंग (स्लॅबचा साचा) खचतं, परांचीची फळी निसटते, लिफ्टच्या उघड्या डक्टमध्ये माणूस पडतो, वरून आलेली सळई खांद्यात घुसते. अशा अपघातांनंतर बिगारी, गवंडी, फिटर, सुतार आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कायद्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे. त्याआधीच्या अपघातांना कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 लागतो. भरपाईचं सूत्र, व्याज आणि दाव्याची मुदत दोन्हीकडे सारखीच आहे. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

चूक माझीच होती. तरी भरपाई मिळते का?

मिळते. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरजच नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढं दाखवलं की मालकाची जबाबदारी येते. पाय घसरला, तोल गेला, घाईत चुकीच्या फळीवर पाय पडला, यातलं काहीही झालं असलं तरी हक्क जात नाही. "तुझंच लक्ष नव्हतं" असं साइटवर सर्रास सुनावतात आणि माणूस खाली मान घालून गावी निघून जातो. त्याला हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला.

अपघात झाल्याबरोबर काय करायचं?

उपचार सगळ्यात आधी. त्यानंतर महत्त्वाची गोष्ट एकच, ती म्हणजे दवाखान्यातला पहिला कागद. आमच्याकडे येणारे अर्ध्याहून जास्त वाद या एका कागदापाशी येऊन अडतात.

कॅज्युअल्टीत बहुतेक वेळा असं होतं. जखमी माणूस स्ट्रेचरवर असतो, बेशुद्ध किंवा वेदनेने अर्धमेला. बरोबर मुकादम किंवा साइटचा सुपरवायझर आलेला असतो. डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" उत्तर देतो मुकादम : "घरी जिन्यावरून पडला." डॉक्टर तेच लिहून घेतात. मग पोलिसांना कळवलं जात नाही, पंचनामा होत नाही, आणि काही महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायालयापुढे ठेवतो.

म्हणून शुद्धीवर असलेल्या जखमीने स्वतःच सांगायचं : अमुक साइटवर, अमुक मजल्यावरून, अमुक काम करताना पडलो. तो बोलू शकत नसेल तर सोबतच्या कामगाराने किंवा नातेवाइकाने सांगायचं. केस पेपरवर साइटचं नाव आलं आहे का, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर नर्सला वाचून दाखवायला सांगा. मेडिको लीगल केस, म्हणजे एमएलसी, नोंदवायला सांगा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना लेखी अर्ज द्या आणि पोलीस ठाण्यात जबाब नोंदवा. उशिरा झालेली दुरुस्तीही उपयोगी पडते, मात्र दिवस जातील तसा तिचा जोर कमी होत जातो.

जागेचे फोटो लगेच काढा. तुटलेली फळी, उघडा डक्ट, रेलिंग नसलेली कड, जे असेल ते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नवं रेलिंग लागलेलं असतं.

मालकाला लेखी कळवायचं राहिलं तर दावा बुडतो का?

बुडत नाही. शक्य तितक्या लवकर लेखी सूचना द्यावी, असं कायदा सांगतो. पण मालकाला अपघाताची माहिती होती हे दिसत असेल तर सूचना दिली नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. तरीही साधा कागद लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवाच. पोचपावती पुढे कामाला येते.

माझ्याकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. मी तिथे कामाला होतो हे दाखवू कसं?

नेमणूकपत्र असलेला बिगारी मी अजून पाहिलेला नाही, आणि न्यायालयांनाही हे ठाऊक आहे. पुरावा दुसऱ्या गोष्टींतून उभा राहतो. मुकादमाने फोनवरून पाठवलेले आठवड्याचे पैसे, व्हॉट्सअॅपवर आलेला "उद्या आठ माणसं घेऊन ये" असा निरोप, हजेरी कार्ड, गेट पास, गेटवरच्या रजिस्टरातली नोंद, हेल्मेट घालून साइटवर काढलेला फोटो, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी घेतलेला नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा. आणि सगळ्यात वजनदार म्हणजे सोबत काम करणाऱ्याची साक्ष. अडचण अशी की सोबती पुढच्या साइटवर निघून जातात. त्यांचे फोन नंबर आणि गावाचे पत्ते पहिल्या आठवड्यातच लिहून घ्या.

मोबाईल बदलायचा असेल तर जुना फेकू नका. त्यातले निरोप म्हणजे तुमचं मस्टर आहे.

काम रोजंदारीवर, तेही नाक्यावरून घेतलेलं. चौथ्याच दिवशी अपघात झाला. मग?

तरीही हक्क आहे. पूर्वी तात्पुरत्या कामावर घेतलेल्यांना कायदा वगळत असे. 2000 सालच्या दुरुस्तीत ती अट काढून टाकली. पहिल्या दिवसाच्या पहिल्या तासाला अपघात झाला तरी तो धरला जातो.

ठेकेदाराने फोन बंद केला आहे. बिल्डर म्हणतो, "तो आमचा माणूस नाही."

बिल्डरचं हे म्हणणं टिकत नाही. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालक भरपाईला जबाबदार असतो. बिल्डरचा धंदाच इमारती बांधण्याचा आहे, म्हणजे सेंट्रिंग, प्लास्टर, फिटिंग ही सगळी त्याच्याच धंद्याची कामं झाली. पैसे भरल्यावर ते ठेकेदाराकडून वसूल करायचे का, हे त्या दोघांनी बघावं. कामगाराने त्यासाठी थांबायचं कारण नाही.

साइटवर ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम, अशी उतरंड असते. दावा करताना सगळ्यांना सामनेवाले करा, आणि त्यांचा विमा असेल तर विमा कंपनीलाही. साइटच्या दर्शनी फलकावर प्रकल्पाचं नाव आणि महारेरा क्रमांक असतो. त्याचा फोटो काढलात की बिल्डर कोण हे शोधत फिरावं लागत नाही.

नेमकी किती रक्कम मिळते?

मासिक वेतन, वय आणि दुखापत या तीन गोष्टींवर ती ठरते.

वेतन कितीही असलं तरी हिशेबाला जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. ही मर्यादा 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने आली, आधी ती 8,000 होती. आज पुण्या-मुंबईत चांगल्या गवंड्याची कमाई याच्या बरीच पुढे जाते. त्यामुळे ही मर्यादा कुशल कामगारावर अन्याय करते, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हिशेब याच आकड्यावर होतो.

वयासाठी कायद्याच्या अनुसूचीत एक गुणक दिलेला आहे. 25 व्या वर्षी 216.91, 30 व्या वर्षी 207.98, 40 व्या वर्षी 184.17, 50 व्या वर्षी 153.09. वय वाढेल तसा तो उतरत जातो.

मृत्यू झाला तर वेतनाचे 50 टक्के गुणिले गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के गुणिले गुणक. तीस वर्षांच्या, महिना 15,000 किंवा जास्त कमावणाऱ्या कामगाराचा हिशेब मांडू. मृत्यू झाल्यास 7,500 × 207.98 म्हणजे 15,59,850 रुपये. पूर्ण अपंगत्व आल्यास 9,000 × 207.98 म्हणजे 18,71,820 रुपये.

हे आकडे पाठ करून ठेवा. साइटच्या ऑफिसात "दोन लाख घ्या आणि मिटवा" असं कुणी म्हणालं तर समोर काय सोडतो आहोत, हे घरच्यांना कळलं पाहिजे.

वयाचा पुरावा म्हणून आधार, शाळेचा दाखला, जे असेल ते चालतं. मात्र दोन कागदांवर दोन वयं असतील तर आधीच वकिलाला सांगा.

एक हात गेला. याला पूर्ण अपंगत्व म्हणतात की अर्धवट?

यात खूप जणांचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कायद्याच्या एका वेगळ्या अनुसूचीत दुखापतींचे टक्के दिले आहेत. खांद्याच्या सांध्यातून हात कापला गेला तर 90, मनगटापासून पंजा गेला तर 60, अंगठा गेला तर 30, तर्जनी पूर्ण गेली तर 14. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर 40. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर 100. पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा तेवढा हिस्सा मिळतो. वरच्या उदाहरणातल्या कामगाराचा पंजा गेला तर 18,71,820 च्या 60 टक्के, म्हणजे 11,23,092 रुपये.

पण हे टक्के म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओडिशातल्या जेपूर इथे 1968 मध्ये एका सिनेमागृहाच्या कामावर एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराजवळून कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं की हे अर्धवट अपंगत्व. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी सांगितलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा या माणसासाठी हे पूर्ण अपंगत्वच. तेव्हापासून हा निकाल देशभरच्या दाव्यांमध्ये आधाराला घेतात. जखमी माणूस आपलं *पूर्वीचं* काम करू शकतो का, हा खरा प्रश्न. सेंट्रिंगचा कारागीर एका हाताने पॅड लावू शकत नाही. फिटर सळई वाकवू शकत नाही. दाव्यात आपलं काम नेमकं लिहा. नुसतं "मजूर" लिहू नका. दिवसभर काय उचलत होतो, कुठे चढत होतो, कोणतं हत्यार वापरत होतो, हे साक्षीत आलं पाहिजे.

पाठीचा कणा मोडला, कमरेखाली संवेदना नाही. हे अनुसूचीत नाही म्हणतात.

बरोबर, उंचावरून पडून होणारी ही नेहमीची दुखापत अनुसूचीतल्या यादीत नाही. अशा वेळी डॉक्टर कमाईच्या क्षमतेचं किती टक्के नुकसान झालं ते ठरवतात आणि त्यावर भरपाई निघते. सरकारी अपंगत्व प्रमाणपत्रावर शरीराचं किती टक्के अपंगत्व आहे ते लिहिलेलं असतं. कमाईचं नुकसान ही वेगळी गोष्ट आहे. शरीराचं 50 टक्के अपंगत्व असलेला गवंडी कमाईच्या दृष्टीने 100 टक्के संपलेला असू शकतो. डॉक्टरांकडून हे दुसरं मत लेखी घ्या, आणि गरज पडली तर त्यांना साक्षीला बोलवा.

दवाखान्याचं बिल आणि बसून काढलेल्या दिवसांचे पैसे?

उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यायचा असतो, आणि तो भरपाईच्या रकमेतून वळता होत नाही. औषधांच्या पावत्या, एक्स-रे, एमआरआय, हाडात बसवलेल्या रॉडचं स्टिकर, सगळं एका पिशवीत ठेवा.

तात्पुरतं अपंगत्व असेल, म्हणजे हाड मोडलं पण माणूस पुन्हा उभा राहणार, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के मिळतात. 15,000 वेतनावर पंधरवड्याला 3,750. हे जास्तीत जास्त पाच वर्षं. तीन दिवसांच्या आत बरं होणाऱ्या दुखापतीला भरपाई नाही.

हेल्मेट घातलं नव्हतं, बेल्ट लावला नव्हता. आदल्या रात्री दारूही घेतली होती.

मालकाचे वकील हे मुद्दे हमखास काढतात. कायद्यात अपवाद आहेत खरे. अपघाताचं थेट कारण नशा असेल, सुरक्षेचा स्पष्ट दिलेला आदेश जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षेसाठी बसवलेलं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल, तर भरपाई नाकारता येते. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे अपवाद लागूच होत नाहीत. इतर दुखापतींतही मालकाला हे सिद्ध करावं लागतं. बेल्ट दिलाच नव्हता, किंवा दिला पण अडकवायला दोरी नव्हती, तर आदेश मोडण्याचा प्रश्न येतोच कुठे?

ठेकेदार म्हणतो, आत्ता पैसे घे आणि सही कर. शिवाय उचल कापणार म्हणतो.

कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. दुखापतीची तडजोड झाली तर ती आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रक्कम द्यायला बांधील राहतो.

मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. भरपाई वारसांच्या हातात द्यायची नसते, ती आयुक्तांकडेच जमा करायची असते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या आगाऊ रकमेचा. तेव्हा अंत्यविधीच्या दिवशी कुणी पाकीट दिलं आणि ते घेतलं, म्हणून हक्क संपला असं मानू नका.

उचल भरपाईतून कापता येत नाही. या रकमेवर सावकाराची किंवा इतर कुणाची जप्तीही येत नाही.

मृत्यू झाला तर पैसे कुणाला?

विधवा, अल्पवयीन मुलगे, अविवाहित मुली आणि विधवा आई यांना अवलंबून असल्याचं वेगळं सिद्ध करावं लागत नाही. वडील आणि इतर नातेवाइकांना ते दाखवावं लागतं. वाटणी आयुक्त करतात, आणि मुलांचा हिस्सा बँकेत ठेव म्हणून ठेवला जातो. सासरच्यांनी सुनेचं नाव अर्जातून वगळल्याची प्रकरणं येतात. तसं झालं तर त्या बाईने स्वतः आयुक्तांपुढे उभं राहावं, तिचा हिस्सा कुणाच्या मर्जीवर नाही.

काम संपलं होतं, लेबर कॅम्पात झोपलो होतो. किंवा कामावर येताना अपघात झाला.

कॅम्पचा प्रश्न किती खरा आहे ते पुण्याने पाहिलं आहे. 29 जून 2019 च्या पहाटे कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. मालकाने कामासाठी साइटवरच राहायला लावलं असेल तर तिथे झालेला अपघात कामाशी जोडलेला आहे, असं मांडता येतं. न्यायालय परिस्थिती बघून ठरवतं. राहण्याची जागा कुणी दिली, बाहेर राहायची मोकळीक होती का, रात्री काँक्रीट आलं की उठवत होते का, हे सांगा. येण्या-जाण्यातल्या अपघातांबद्दल नवी संहिता जास्त स्पष्ट आहे. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात धरतात.

मी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली आहे. ते पैसे वेगळे का?

वेगळे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचा निधी बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख रुपये, 75 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर 2 लाख, अशा योजना आहेत. ही रक्कम मिळाली म्हणून मालकाची जबाबदारी कमी होत नाही.

नोंदणी चालू असली पाहिजे. 18 ते 60 वय, मागच्या वर्षात 90 दिवस काम, आणि दर वर्षी नूतनीकरण. पेटी आणि भांड्यांचा संच मिळाला की बरेच जण नूतनीकरण विसरतात. पुढे अपघात झाल्यावर कार्ड काढून बघतात तर मुदत गेलेली.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर? आणि मिक्सरने किंवा क्रेनने धडक दिली तर?

ईएसआय कापला जात असेल तर भरपाईचा दावा करता येत नाही, लाभ ईएसआयकडून घ्यायचा. 1 ऑगस्ट 2015 पासून साइटवरचे कामगारही त्यात येतात, वेतनाची मर्यादा 21,000. आजारपणाच्या रजेऐवजी *कामावरची इजा* म्हणूनच नोंद होऊ द्या, त्यात वेतनाच्या 90 टक्क्यांपर्यंत लाभ मिळतो.

ट्रान्झिट मिक्सर, डंपर, क्रेन यांच्यामुळे अपघात झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा दुसरा रस्ताही मोकळा असतो. दोन्हीकडे मात्र जाता येत नाही. तिथे 15,000 ची मर्यादा नाही, त्यामुळे कुशल कामगाराला कधी कधी जास्त मिळतं. निवड करण्याआधी वकिलाशी बोला.

दावा कुठे आणि किती दिवसांत करायचा? मी नांदेडचा, अपघात पुण्यात झाला.

नांदेडला करता येतो. अपघाताची जागा, कामगार किंवा वारस राहतात ती जागा, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, यापैकी कुठेही. ही सोय 1995 च्या दुरुस्तीने आली. मोडलेला पाय घेऊन पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. महाराष्ट्रात हे काम साधारणपणे कामगार न्यायालयात चालतं. नव्या संहितेत आयुक्तांऐवजी सक्षम प्राधिकारी असा शब्द आहे.

मुदत दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते. दीर्घ उपचार हे सबळ कारण आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मालक वर्षानुवर्षं टाळत राहिला तर?

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. एक महिन्यात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं. 15,59,850 वर ते वर्षाला 1,87,182 रुपये होतात. टाळाटाळीला कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. विमा कंपनी भरपाई आणि व्याज भरते, दंड मालकाच्या खिशातून जातो. बिल्डरशी बोलताना हे जरूर सांगा, बोलण्याचा सूर बदलतो.

पूर्ण रक्कम मान्य नसली तरी जेवढी मान्य आहे तेवढी मालकाने लगेच द्यायची असते. ही मागणी फार कमी लोक करतात. पहिल्याच अर्जात करा. मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर ठरलेली रक्कम आधी भरावी लागते.

मी स्वतःचं घर बांधतोय. माझ्या गवंड्याला काही झालं तर?

काम ठेकेदाराला दिलं असेल तर जबाबदारी साधारणपणे त्याची, कारण इमारती बांधणं हा तुमचा धंदा नाही. मजूर तुम्ही थेट लावले असतील तर तुम्हीच मालक ठरू शकता, विशेषतः घर एका मजल्याहून जास्त किंवा 12 फुटांहून उंच असेल तर. विमा काढा. डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी नावाने ती मिळते आणि घराच्या एकूण खर्चात तिचा हप्ता किरकोळ असतो. ठेकेदाराकडे पॉलिसी असेल तर तिची प्रत मागून घ्या, आणि मजुरांची संख्या खरी लिहिली आहे का ते बघा. बारा माणसं कामावर आणि पॉलिसीत चार, असं असेल तर पुढे विमा कंपनीशी वाद ठरलेला.